चिनी शिकवणाऱ्या एका सोलापूरकरणीचं बीजिंगला खुलं पत्र

प्रति,
संचालक, भाषा शिक्षण व सहकार्य केंद्र (पूर्वाश्रमीचे हानपान), बीजिंग
तसेच कन्फ्यूशियस इन्स्टिट्यूटचा कारभार पाहणारे चायनीज इंटरनॅशनल एज्युकेशन फाउंडेशन, बीजिंग

महोदय,
सप्रेम नमस्कार.

पुण्यात मी गेली एकवीस वर्षं चिनी भाषा शिकवते. सोसायटीत मला 'चायनीजवाल्या मॅडम' म्हणतात. नव्या वॉचमनची तर बरेच दिवस अशी समजूत होती की कोपऱ्यावरची शेजवान राइसची गाडी माझीच आहे. सांगायचं इतकंच की या गावात चिनी शिकवून पोट भरणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत, आणि आम्ही तुमच्या भाषेचा प्रसार तुमच्या पगाराशिवाय करत आलो आहोत. त्या नात्याने हे पत्र.

निमित्त तसं छोटं आहे. २०२५ च्या ऑक्टोबरात कोलकाता–ग्वांगझू विमान पुन्हा उडालं, व्हिसाची दारं किलकिली झाली आणि पाच वर्षं मुके असलेले फोन वाजू लागले. एका मध्यस्थ संस्थेकडून (नाव घेत नाही, माणसं वाईट नाहीत) निरोप आला, की 'चिनी संस्कृती सप्ताह' करायचा आहे, तुमचे विद्यार्थी द्या. सोबत कार्यक्रमपत्रिका होती. कागदाची कात्रणं, डंपलिंग, लाल कंदील, ताय-ची, चिनी पोशाखात फोटो, शेवटी वक्तृत्व स्पर्धा. पत्रिकेच्या तळाशी बारीक अक्षरात तीन अटी. नकाशा लावायचा तर आयोजकांनी दिलेलाच लावावा. राजकीय स्वरूपाचे प्रश्न टाळावेत. आणि विद्यार्थ्यांना पाहुण्यांना जे काही विचारायचं असेल ते आठवडाभर आधी लेखी पाठवावं.

मी नाही म्हणाले. फोनवरच्या एका वाक्यात विषय मिटलाही. पण घरी येऊन त्या तिसऱ्या अटीकडे पुन्हा पुन्हा बघत बसले. भाषा शिकवणं म्हणजे काय, तर समोरच्याला ऐन वेळी सुचलेला प्रश्न ऐन वेळी विचारता येणं. एकवीस वर्षं मी तेवढंच शिकवते आहे, आणि तुमच्या पत्रिकेत नेमकी त्यालाच बंदी!

मी मूळची सोलापूरची. आमच्याकडे चीन हा देश भूगोलाच्या पुस्तकातून कळायच्या आधी डॉ. द्वारकानाथ कोटणीसांमुळे कळतो. १९३८ साली जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनमध्ये मदतीला पाच भारतीय डॉक्टर गेले. त्यांत आमचे कोटणीस होते आणि नागपूरचे डॉ. चोळकर होते. बाकीचे परतले, कोटणीस राहिले. चिनी शिकले, चिनी परिचारिकेशी लग्न केलं, बेथ्यून रुग्णालयाचे प्रमुख झाले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, तिथेच गेले. मुलाचं नाव त्यांनी 'यिनह्वा' ठेवलं होतं. 'यिन' म्हणजे भारत, 'ह्वा' म्हणजे चीन. माझे वडील एका चादरीच्या कारखान्यात हिशेबनीस होते. मला चिनी शिकायला दिल्लीला जायचंय म्हटल्यावर घरात आठवडाभर शांतता होती. मग वडील म्हणाले, "कोटणीस तर न शिकता गेले, तू निदान शिकून जा." मी गेले, शिकले, आणि उत्तर चीनमध्ये एक वर्ष राहिलेही. शिच्याच्वांगच्या हुतात्मा स्मारकात कोटणीसांच्या समाधीपाशी झाडलोट करणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईंना मी माझं गाव सांगितलं. त्यांनी खराटा बाजूला ठेवला, माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. त्या काय बोलल्या त्यातलं निम्मं मला कळलं नाही, त्यांची बोली जाड होती. पण त्या दिवशी ठरलं, की आयुष्यभर हेच करायचं.

एवढं लांबण लावलं ते अशासाठी, की पुढच्या तक्रारी वाचताना 'भारतातून आणखी एक चीनद्वेष्टी' असा शिक्का मारून तुम्हाला पत्र बाजूला ठेवता येऊ नये.

पहिली तक्रार, आणि सगळ्यांत मोठी, तुम्ही पाठवता त्या शिक्षकांबद्दल आहे. ते शिकवतात उत्तम. तक्रार आहे ती तुम्ही त्यांना ज्या भीतीत ठेवता तिच्याबद्दल. २०१८ साली मी एका संस्थेत (तीही बिननावाची राहू दे) तुमच्याकडून आलेल्या एका स्वयंसेवक शिक्षिकेबरोबर वर्ग घेत होते. तेवीस वर्षांची पोर, हूनानची. पहिल्या महिन्यात घरच्या आठवणीने रडायची, दुसऱ्या महिन्यात तिला आमचा ठेचा सापडला आणि रडणं थांबलं. बाजारात जाऊन "भैया, कोथिंबीर फुकट" म्हणायला शिकली. मुलं तिच्यावर जीव टाकायची. एक दिवस साताऱ्याकडच्या एका मुलाने, ज्याच्या घरात तीन पिढ्या फौजेत आहेत, तिला विचारलं, "लाओशी (म्हणजे बाई), तुमच्या शाळेत १९६२ बद्दल काय शिकवतात?" वाक्य चिनीत होतं आणि, शिक्षिका म्हणून सांगते, व्याकरणाची एकही चूक नव्हती. प्रश्नात खवचटपणाही नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. तिचा चेहरा पांढरा पडला. "आपण धडा वाचू या," म्हणाली. वर्ग सुटल्यावर पाण्याच्या कूलरपाशी ती मला म्हणाली, "मला उत्तर माहीत नाही. आणि मी काही बोलले तर ते कुणाकुणाला कळेल, तेही माहीत नाही." पुढच्या आठवड्यापासून वर्गात मागच्या बाकावर एक गृहस्थ येऊन बसू लागले. तो मुलगा पुढच्या सत्राला आला नाही. तो आता जपानी शिकतो, असं ऐकते.

माझा वर्ग राहू द्या बाजूला, जगाला माहीत असलेलं सांगते. २०१३ मध्ये कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाने तुमची कन्फ्यूशियस इन्स्टिट्यूट ही संस्था, म्हणजे विद्यापीठात चिनी शिकवणारं तुमचं केंद्र, बंद केली ती शिक्षकाने कोणता पंथ पाळू नये हे करारात लिहिलेलं असल्याच्या तक्रारीवरून. २०१४ मध्ये पोर्तुगालमध्ये युरोपातल्या चीन-अभ्यासकांची परिषद भरली होती. तुमच्या तेव्हाच्या प्रमुख शू लिन यांच्या आदेशावरून छापून तयार असलेल्या कार्यक्रमपुस्तिकेतली पानं फाडली गेली, कारण त्यांत तैवानच्या एका प्रतिष्ठानाचा उल्लेख होता. पानं फाडली! आयुष्यभर चिनी ग्रंथ वाचण्यात घालवलेल्या विद्वानांच्या परिषदेत! त्याच वर्षी शंभराहून अधिक प्राध्यापकांनी सह्या केल्यावर शिकागो विद्यापीठाने तुमच्याबरोबरचा करार पुढे नेला नाही. स्वीडनने युरोपातली पहिली संस्था २००५ मध्ये उघडली होती. २०२० पर्यंत तिथल्या सगळ्या बंद झाल्या. अमेरिकेत शंभराच्या घरात होत्या, आता एका हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्या उरल्या. यातलं काही अमेरिकेच्या राजकारणाने झालं, हे मला मान्य आहे. तिथल्या संसदेने निधीची नाडी आवळली. पण शिकागोच्या प्राध्यापकांना कुणी आवळलं नव्हतं. ते तुमच्या भाषेवर प्रेम करणारेच लोक होते.

दुसरी तक्रार नावाची. कन्फ्यूशियसला त्याच्या शिष्याने विचारलं होतं, राज्यकारभार हाती आला तर तुम्ही आधी काय कराल? तो म्हणाला, नावं ठीक करीन. नाव चुकलं की बोलणं अडखळतं, आणि बोलणं अडखळलं की काम होत नाही. ज्याचं नाव तुम्ही पाटीवर लावलंत त्याचं हे म्हणणं. १९७४ मध्ये तुमच्याच देशात त्याच्याविरुद्ध मोहीम चालली होती, त्याआधी १९६६ मध्ये छूफूला त्याच्या वंशाच्या कबरी फोडल्या होत्या. तीस वर्षांत तो परदेशांत तुमची बाजू मांडणारा वकील म्हणून परत आला. माणसं चुका सुधारतात, देशही सुधारतात, त्याला माझी हरकत नाही. पण २००९ मध्ये तुमच्या पक्षाचे वरिष्ठ नेते ली चांगचुन यांनी या संस्था परदेशातल्या प्रचारयंत्रणेचा महत्त्वाचा भाग असल्याचं उघड सांगितलं. २०२० मध्ये जगभर टीका झाल्यावर हानपानचं नाव बदललं, संस्था एका फाउंडेशनकडे सोपवल्या, आणि ते फाउंडेशन बिनसरकारी आहे असं आम्हाला सांगण्यात आलं. मग मला आलेल्या त्या तीन अटी कुणाच्या? फाउंडेशनच्या, केंद्राच्या, दूतावासाच्या की त्या मध्यस्थ संस्थेच्या अतिसावध डोक्यातून निघालेल्या? मी विचारलं. उत्तर आलं, "वरून आहे." वर कोण आहे हे विचारायची सोय नाही. नाव ठीक करा म्हणणाऱ्या माणसाच्या नावाने चाललेल्या संस्थेत हे व्हावं, याचं मला हसू येतं आणि रागही.

तिसरी तक्रार घरच्या व्यवहाराची आहे. ती तुम्हाला कदाचित किरकोळ वाटेल.

मुंबई विद्यापीठात २०१३ मध्ये त्यांच्या आणि त्यान्चिनच्या तंत्रविद्यापीठाच्या भागीदारीतून कन्फ्यूशियस इन्स्टिट्यूट सुरू झालं, तेव्हा आम्हा पुण्यातल्या शिक्षकांनाही पाठबळ वाटलं होतं. रांजणगावला हायरची फॅक्टरी होतीच. चाकणला चिनी मशिनं येत होती, ती बसवायला चिनी इंजिनीअर येत होते आणि दुभाष्याला बरे पैसे मिळत होते. २०२० च्या सुरुवातीला तळेगावची जनरल मोटर्सची फॅक्टरी ग्रेट वॉल मोटर घेणार अशी बातमी आली आणि माझ्या वर्गात एकदम बावीस जण झाले. आयटीआय केलेली पोरं, एक रिक्षावाला, दोन गृहिणी. मग करोना आला, जूनमध्ये गलवान झालं, आमचे वीस जवान गेले. ऑगस्टमध्ये आमच्या शिक्षण मंत्रालयाने सात शिक्षणसंस्थांमधल्या तुमच्या केंद्रांची आणि चोपन्न सामंजस्य करारांची तपासणी जाहीर केली. तळेगावचा व्यवहार रखडत रखडत २०२२ मध्ये बारगळला. बावीसपैकी चार उरले. चीनमध्ये डॉक्टरकी शिकणारी हजारो भारतीय मुलं दोन वर्षांहून अधिक काळ घरात बसून लॅपटॉपवर शरीरशास्त्र शिकत होती, कारण त्यांना तुमच्या देशात परत घेत नव्हते. त्यांच्या आयांचे फोन मला यायचे, विद्यापीठाला चिनीत पत्र लिहून द्या म्हणून. मी लिहून द्यायचे. पैसे कसले घ्यायचे त्याचे.

सरकारांचं भांडण सरकारांचं. मी त्याचा जाब तुम्हाला विचारत नाही. विचारते ते हे, की त्या पाच वर्षांत तुमच्याकडून एका तरी शिक्षकाला एक तरी ओळ आली का? "सध्या काही करता येत नाही, पण आमच्या लक्षात आहे" एवढीही नाही. आज कंदील टांगायचे दिवस आल्यावर मात्र यादीतला नंबर बरोबर सापडला. आमच्याकडे म्हण आहे, गरज सरो वैद्य मरो. तुमचं उलट झालं आहे: गरज पडली, वैद्य उठवा.

(आमच्या सरकारलाही मी सोडणार नाही. शैक्षणिक धोरणाच्या २०१९ च्या मसुद्यात परकीय भाषांच्या उदाहरणांत चिनी होती, २०२० च्या अंतिम धोरणातून ती गळाली. ज्या शेजाऱ्याशी सीमेवर भांडण आहे त्याची भाषा येणारी माणसं कमी करायची, हे कुठलं शहाणपण? १९६२ नंतर आम्ही आमच्याच देशातल्या चिनी वंशाच्या हजारो लोकांना राजस्थानात देवळीच्या छावणीत डांबलं, त्याचीही साधी कबुली अजून कुणी दिलेली नाही. ते पत्र दिल्लीच्या पत्त्यावर वेगळं जाईल.)

चौथी तक्रार पुस्तकांची. आता इथे जरा थांबते, कारण माझा जीव इथे आहे.

तुमची पुस्तकं माझ्यापर्यंत येतात ती इंग्रजीतून समजावणारी. त्यात लिहिलेलं असतं, पिनयिनमधला (म्हणजे चिनी उच्चार रोमन अक्षरांत लिहायच्या पद्धतीतला) 'बी' इंग्रजीतल्या अमुक शब्दासारखा, 'पी' तमुक शब्दासारखा, फक्त जास्त हवा सोडा. बारामतीचा मुलगा आधी इंग्रजी उच्चार आठवतो, मग त्यात हवा घालतो, आणि शेवटी जे बाहेर पडतं ते ना इंग्रजी ना चिनी. खरं म्हणजे मराठी माणसाला यातलं काहीच अवघड नाही. पिनयिनचा 'बी' म्हणजे आपला प. 'पी' म्हणजे प आणि ह एका श्वासात, जुनी माणसं फळातला फ उच्चारायची तसा. 'डी' म्हणजे त, 'टी' म्हणजे थ. 'जी' म्हणजे क, 'के' म्हणजे ख. म्हणून तुमच्या राजधानीचं नाव खरं तर पेइचिंग. आम्ही बीजिंग लिहितो ती इंग्रजीची उसनवारी. माझ्या पहिल्या तासाला मी फळ्यावर दोनच शब्द लिहिते: 'चार चोर'. मोठ्याने म्हणा. चारमधला च म्हणजे पिनयिनचा 'जे', चोरमधला च म्हणजे पिनयिनचा 'झेड'. इंग्रजी शिकलेल्यांना ज्या फरकासाठी महिना लागतो तो आमच्या पोरांना पाच मिनिटांत कळतो, कारण तो त्यांच्या तोंडात आधीपासून आहे. जीभ मागे वळवून काढायचे 'झेड-एच' आणि 'एस-एच' शिकवताना पोटफोड्या ष ची आठवण करून दिली की झालं. अडचण फक्त चार सुरांची, ती मात्र खरी अडचण आहे. 'मा' म्हणजे आई, सूर चुकला की घोडा. आईला घोडा म्हणायची पाळी माझ्या प्रत्येक विद्यार्थ्यावर एकदा तरी आलेली आहे.

हे सगळं मी वह्यांमध्ये लिहून ठेवलं आहे, झेरॉक्स काढून वाटते. कोट्यवधी लोक बोलतात त्या मराठीतून समजावणारं तुमचं एकही पुस्तक आजवर माझ्या हाती आलेलं नाही. २०१९ अखेर तुमच्या संस्था दीडशेहून जास्त देशांत साडेपाचशेच्या आसपास होत्या, असं तुमचेच आकडे सांगतात. कंदिलांच्या खर्चातून एक पुस्तक निघालं नसतं?

पाचवी तक्रार कंदिलांचीच. संस्कृती म्हणून तुम्ही जे पाठवता ते इतकं गुळगुळीत असतं की हातातून निसटतं. आमच्या महाराष्ट्राचं परदेशी माणसाने केलेलं सगळ्यांत जुनं ठसठशीत वर्णन चिनी भाषेत आहे, हे तुमच्या एकाही पाहुण्याच्या भाषणात मी ऐकलं नाही. सातव्या शतकात ह्युएनत्संग इथे आला तेव्हा दुसरा पुलकेशी राज्य करत होता. इथले लोक उपकार विसरत नाहीत, अपमान गिळत नाहीत आणि संकटात कुणी हाक मारली तर स्वतःची पर्वा न करता धावतात, अशा अर्थाचं त्याने लिहिलं आहे. हे मी वर्गात सांगितलं की मागच्या बाकावरची पोरंसुद्धा ताठ बसतात. पुण्यात पु. वि. बापटांनी १९३७ मध्ये विमुत्तिमग्ग आणि विसुद्धिमग्ग या बौद्ध ग्रंथांचा तौलनिक अभ्यास प्रसिद्ध केला. विमुत्तिमग्गाचं मूळ पाली हाती नव्हतं, चिनी भाषांतर मात्र उरलं होतं. म्हणजे आमचीच हरवलेली वस्तू तुमच्या घरी सापडली, आणि ती ओळखण्यासाठी एक पुणेकर चिनी शिकला. तेव्हा शिष्यवृत्ती द्यायला कुठलं हानपान होतं? १९५४ मध्ये नेहरू आणि माओ यांच्यामध्ये दुभाषे म्हणून बसलेले वसंत परांजपेही मराठीच. माझगावला नवाब टँक रस्त्यावर चिनी देऊळ आहे, अजून उदबत्ती लागते. आमचा 'चहा' तुमच्याकडचा, तुमच्याकडे 'क्षण' या अर्थी जो 'छाना' म्हणतात तो आमचा. बौद्ध ग्रंथांबरोबर गेला आणि तिथलाच झाला. मंचुरियन तर मुंबईत जन्मला आणि मंचुरियाला त्याचा पत्ताही नाही! यातलं काहीही कुणी कुणाला अटी घालून पसरवलं नव्हतं.

तुमच्याकडे ची श्येन-लिन होऊन गेले. सांस्कृतिक क्रांतीच्या धामधुमीत, विद्यापीठात त्यांना रखवालदाराचं काम दिलेलं असताना, त्यांनी चोरून वाल्मीकी रामायण चिनीत आणायला घेतलं. आम्ही त्यांना २००८ मध्ये पद्मभूषण दिलं. माझ्या मुलांना हा माणूस भेटवा की. त्यांची गोष्ट सांगायची तर त्या धामधुमीबद्दलही बोलावं लागेल, हे मला कळतं. आणि म्हणूनच ती तुमच्या पत्रिकेत नसते, हेही.

कोटणीसांचंही तसंच. तुमचे नेते भारतात आले की त्यांच्या कुटुंबीयांना आवर्जून भेटत आले, हार घातले गेले, फोटो निघाले. मनापासून आभार. पण तो माणूस दुसऱ्या देशात गेला, तिथल्या लोकांशी वाद घातला, प्रेम केलं, जखमा शिवल्या. त्याला कुणी प्रश्न आधी लेखी द्यायला सांगितले असते तर तो सोलापूरला परत आला असता.

सरकारने आपली भाषा परदेशात न्यावी यात मला काही वावगं वाटत नाही. फ्रेंच १८८३ पासून आलिआन्स फ्रान्सेज चालवतात, ब्रिटिश कौन्सिल १९३४ ची, गोएथे इन्स्टिट्यूट १९५१ चं, आमची भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद (आयसीसीआर) १९५० ची आणि तीही सरकारीच. फरक एवढाच की मॅक्सम्युलर भवन, म्हणजे इथलं गोएथे इन्स्टिट्यूट, स्वतःच्या इमारतीत बसतं, विद्यापीठाच्या विभागात खुर्ची टाकत नाही. माझ्या मैत्रिणीने हिटलरवरची पुस्तकं तिथल्याच ग्रंथालयातून आणून वाचली, आणि कुणी मागच्या बाकावर येऊन बसलं नाही.

तेव्हा मागण्या. थोडक्यात लिहिते.

भारतातल्या कोणत्याही शिक्षणसंस्थेशी तुमचा जो करार असेल तो पूर्ण, परिशिष्टांसकट, प्रसिद्ध करा. मराठी आणि हिंदी भाषांतर मी करून देईन.

केंद्र उघडायचं असेल तर स्वतःची जागा घ्या, पाटीवर स्वतःचं नाव लावा. विद्यापीठात शिकवायचं असेल तर शिक्षकाची नेमणूक विद्यापीठ करील, इथल्या नियमाने, आणि अभ्यासक्रमही तेच ठरवील.

तुम्ही पाठवलेल्या शिक्षकाने वर्गात विद्यार्थ्याच्या प्रश्नाला दिलेलं उत्तर, किंवा "मला माहीत नाही" हे उत्तरसुद्धा, त्याच्या नोकरीच्या नोंदीत जाणार नाही, असं लेखी द्या. ही मागणी मान्य होणं सगळ्यांत अवघड आहे, मला ठाऊक आहे. तरी सगळ्यांत आधी हीच धरा.

मराठीतून चिनी शिकवणारं प्राथमिक पुस्तक निघू द्या. लिहिणार इथले शिक्षक, तपासणार तुमचे भाषातज्ज्ञ. त्यात सोप्या लिपीबरोबर जुन्या लिपीचा एक धडा असेल, कारण माझगावच्या देवळावरच्या पाट्या आणि बापटांनी वाचलेले ग्रंथ त्या लिपीत आहेत. पुस्तक कुणालाही फुकट झेरॉक्स काढता यावं.

दोन्ही सरकारांचं बिनसलं तरी सुरू असलेली शिष्यवृत्ती, परीक्षा आणि वर्ग मध्येच तुटणार नाहीत, याची काही तरी व्यवस्था करा. निदान शिक्षकांना पत्र तरी पाठवा.

आणि त्या हूनानच्या मुलीचा ठावठिकाणा तुमच्या दप्तरात असेलच. तिचं नाव मी इथे लिहीत नाही. तिची एक वही माझ्याकडे राहिली आहे. कोथिंबीर, ठेचा, 'भैया', 'जरा पुढे थांबवा' असे शब्द तिने पिनयिनमध्ये, स्वतःच्या सुरांच्या खुणा घालून लिहिले आहेत. मराठीला सूर नसतात असं मी तिला सांगितलं होतं, तरी तिने 'अय्या' या शब्दावर चौथा सूर टाकला आहे आणि तो बरोबर आहे. ती वही तिला परत पाठवायची आहे. पत्ता कळवा, किंवा तिला माझा द्या.

संस्कृती सप्ताहाचं म्हणाल तर कागदाची कात्रणं शिकवायला माझी काहीच हरकत नाही, दिवाळीच्या सुट्टीत पोरांना तेवढाच विरंगुळा. माझा वर्ग शनिवारी साडेपाचला असतो. पाहुण्यांनी यावं, चहा मिळेल. प्रश्न आधी लेखी मिळणार नाहीत.

आपली,
चिनीची एक शिक्षिका
पुणे (मूळ गाव सोलापूर)